तळं आटवून वसवलेलं शहर : मेक्सिको सिटी

मुसाफिर_नगरकर

मेक्सिको म्हटलं की रुंद काठाची टोपी, निवडुंग, टकीला आणि हल्ली फ्रिडा काहलोचा चेहरा छापलेल्या पिशव्या, एवढ्यावर आपली गाडी थांबते. मी कामानिमित्त केरेतारोला असतो, राजधानीत सारखं जाणं-येणं असतं. तिथे मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवणारी गोष्ट पिरॅमिडांची नाही, पाण्याची आहे. म्हटलं, धागा काढावा.

समुद्रसपाटीपासून २२४० मीटर उंचीवर डोंगरांनी वेढलेलं एक खोरं. त्यातून बाहेर पडणारी एकही नदी नाही. पाऊस पडला की पाणी खोऱ्यातच साचायचं आणि त्याची पाच तळी झाली होती. मधलं मोठं तळं तेस्कोको. त्यातल्या एका बेटावर मेशिका लोकांनी (ज्यांना आपण ॲझ्टेक म्हणतो) १३२५ च्या सुमारास तेनोच्तित्लान वसवलं. निवडुंगावर बसलेला गरुड दिसेल तिथे मुक्काम करा, असा दैवी आदेश होता म्हणे. तोच गरुड आज झेंड्यावर आहे.

मधलं पाणी खारट, दक्षिणेकडून येणारं गोड. दोन्ही मिसळू नयेत म्हणून पंधराव्या शतकात नेसावाल्कोयोत्ल या राजाने सुमारे सोळा किलोमीटरचा बांध घातला. हा गडी राज्यकर्ता, कवी आणि वर पाणी कळणारा माणूस. पिण्याचं पाणी चापुल्तेपेकच्या झऱ्यांवरून पाटाने शहरात यायचं. त्या पाटाला दोन चऱ्या होत्या, एक साफ करायला घेतली की दुसरी चालू. पाचशे वर्षांपूर्वीची ही सोय! आमच्याकडे सोसायटीची टाकी धुवायची म्हटलं की दिवसभर नळ कोरडे.

१५२१ साली स्पॅनिशांनी शहर जिंकलं. वेढ्यात बांध फोडले, देवळं पाडली, त्याच दगडांनी त्याच जागी नवं शहर बांधलं. पण पाण्यासोबत राहायची विद्या काही घेतली नाही. मग पूर यायला लागले. १६०७ मध्ये एन्रिको मार्तिनेझ नावाच्या माणसाने डोंगर फोडून पाणी खोऱ्याबाहेर काढायचं काम सुरू केलं. ते पुरं पडलं नाही. सप्टेंबर १६२९ मध्ये असा पूर आला की पाणी १६३४ पर्यंत ओसरलं नाही. पाच वर्षं लोक होड्यांतून फिरत होते! मादेरो रस्त्यावर एका कोपऱ्याच्या भिंतीत सिंहाचं दगडी तोंड बसवलंय, पाणी तिथवर चढलं होतं त्याची ती खूण. खालून रोज हजारो लोक आइस्क्रीम खात जातात, मान वर करून बघणारा एखादाच.

पुढची तीनशे वर्षं एकच ध्यास, पाणी हाकलून द्या. १९०० मध्ये तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियासने मोठ्या कालव्याचं उद्घाटन केलं आणि तळं जवळपास संपलं. आता गंमत बघा. तळं गेलं, मग प्यायला पाणी कुठून? जमिनीतून उपसलं. खाली तळ्याची चिखलमाती, त्यातलं पाणी काढलं की ती दबते. शहर खचायला लागलं. काही भागांत शंभर वर्षांत दहा मीटरच्या आसपास. खचताना कालव्याचा उतारही गेला, म्हणून सांडपाणी बाहेर काढायला पंप बसवावे लागले. आणि पिण्याचं पाणी? त्याचा मोठा वाटा कुत्सामाला योजनेतून येतो, अकराशे मीटर उंच चढवून. म्हणजे पावसाचं पाणी पंप लावून बाहेर फेकायचं आणि प्यायचं पाणी पंप लावून डोंगरावरून आणायचं. विजेचं बिल विचारू नका.

खचणं प्रत्यक्ष बघायचं तर 'एल आन्हेल' पाहा, रेफॉर्मा रस्त्यावरचा १९१० चा स्वातंत्र्यस्तंभ. त्याचा पाया खोल, म्हणून तो जागेवर राहिला आणि रस्ता खाली गेला. पायथ्याला नंतर चौदा पायऱ्या वाढवाव्या लागल्या.

अजून बरंच आहे. कुणी जाऊन आलं असेल तर भर घाला.

रानजाई

मस्त धागा. वाचतेय.

ओळंबा

स्थापत्य अभियंता या नात्याने दोन पैसे टाकतो.

मुख्य चौकातलं कॅथेड्रल १५७३ ते १८१३ एवढा काळ बांधत होते. त्याखाली अर्धवट मेशिका देवळांचे चौथरे आणि अर्धवट भुसभुशीत माती. चौथऱ्यावरची बाजू कमी खचली, मातीवरची जास्त. १९८९ मध्ये मोजलं तेव्हा एका टोकाच्या आणि दुसऱ्या टोकाच्या पातळीत दोन मीटरहून जास्त फरक भरला. मग जी बाजू वर राहिली होती तिच्या खाली विहिरींसारखे खड्डे खणले आणि त्यांतून आडवी भोकं पाडून थोडी थोडी माती काढली. थोडक्यात, खचलेली बाजू उचलायची नाही, न खचलेलीच हळूहळू खाली बसवायची. पिसाच्या मनोऱ्यावर नंतर केलेला उपाय याच जातीचा.

घुमटातून एक भलामोठा ओळंबा खाली सोडलाय. खाली फरशीवर रेघ आखली आहे, गेल्या काही शतकांत टोक कसकसं सरकत आलं त्याची. प्रार्थनेला आलेले लोक त्याला वळसा घालून जातात. माझा आयडी बघून कळलंच असेल, मी तिथे किती वेळ उभा होतो ते. बायको मेणबत्ती लावून, बाहेर जाऊन, बाजार करून परत आली.

पेठकर काका

माहितीपूर्ण लेख. पण एक विचारतो, राग मानू नये. तलाव, पाट, कवी-राजा हे सगळं ठीक. हेच लोक माणसांची काळजं काढून देवाला वाहत होते ना? त्याबद्दल अवाक्षर नाही. स्पॅनिशांनी ते थांबवलं, हेही लिहा की.

मुसाफिर_नगरकर

राग कसला काका. नरबळी होते, त्यात वाद नाही. २०१५ मध्ये कॅथेड्रलच्या मागच्या भागात एका जुन्या घराखाली कवट्या चुन्यात रचलेला गोल बुरूज सापडला. त्यात बायकांच्या आणि मुलांच्याही कवट्या निघाल्या. स्पॅनिश सैनिकांनी हे लिहून ठेवलं होतं तेव्हा काहींना ती अतिशयोक्ती वाटायची, आता कवट्याच समोर आहेत.

पण 'स्पॅनिशांनी थांबवलं' म्हणजे मूठभर शिपाई आले आणि जिंकले, असं नव्हे. स्पॅनिशांचा म्होरक्या कोर्तेस, त्याच्यासोबत स्पॅनिश शेकड्यांनी होते, पण त्लाश्काला आणि इतर गावांचे स्थानिक योद्धे हजारोंनी होते. मेशिकांची खंडणी आणि जाच यांनी ते आधीच पेटलेले. त्यात १५२० मध्ये देवी आल्या. ज्या लोकांनी हा रोग कधी पाहिलाच नव्हता ते पटापट गेले. मेशिकांचा राजा मोक्तेसुमा, त्याच्यानंतर गादीवर आलेला क्वित्लावाकही त्यातच गेला, त्याचं राज्य तीन महिन्यांच्या आत आटोपलं. १३ ऑगस्ट १५२१ ला शहर पडलं तेव्हा आत लढायला नव्हे, उभं राहायलाही फारसं कुणी उरलं नव्हतं. धर्म सुधारायला कुणी आलं होतं असं मला काही वाटत नाही. सोन्यासाठी आले.

पेठकर काका

देवीचा मुद्दा मान्य. सोन्याचाही. पण कवट्यांचा बुरूज मूळ लेखात हवा होता, एवढंच म्हणणं.

शेवगा

काका +१, आणि मुसाफिरलाही +१ :)

कवट्या निघाल्यात तर जमिनीतून निघालेल्या देव्यांबद्दलही बोलू या. माझा आवडता विषय.

१७९० मध्ये चौकाच्या फरसबंदीचं काम चालू होतं तेव्हा कोआत्लिक्वेची मूर्ती सापडली. अडीच मीटरहून उंच. सापांचं घागरावजा वस्त्र, गळ्यात माणसांच्या हातांची आणि काळजांची माळ, मुंडक्याच्या जागी समोरासमोर आलेली दोन सापांची तोंडं. व्हाइसरॉयने ती विद्यापीठात ठेवायला पाठवली. झालं काय, की स्थानिक लोक हळूच येऊन तिच्यापुढे फुलं आणि मेणबत्त्या ठेवायला लागले. अडीचशेहून जास्त वर्षं चर्चमध्ये जाणारे लोक हे! विद्यापीठवाले घाबरले आणि त्यांनी मूर्ती अंगणात परत पुरून टाकली. १८०३ मध्ये हुम्बोल्ट हा जर्मन संशोधक-प्रवासी आला. त्याने बिशपकडे शब्द टाकला म्हणून ती उकरली, त्याला दाखवली, आणि तो गेल्यावर पुन्हा पुरली. कायमची बाहेर आली ती स्वातंत्र्यानंतर.

१७९० च्याच डिसेंबरमध्ये सूर्यशिळा सापडली, जिला लोक सरसकट 'ॲझ्टेक कॅलेंडर' म्हणतात. साडेतीन मीटरहून जास्त व्यास, वजन चोवीस टनांच्या घरात. तिला मात्र कुणी घाबरलं नाही, कारण ती गणिताची वस्तू वाटली. थेट कॅथेड्रलच्या भिंतीला टेकवून ठेवली, १८८५ पर्यंत तिथेच होती. आता दोघी मानववंशशास्त्र संग्रहालयात एकाच दालनात आहेत. गर्दी शिळेपुढे असते. मी म्हणेन, आधी कोआत्लिक्वेपुढे उभे राहा.

तिसरी १९७८ ची. वीज कंपनीचे कामगार फेब्रुवारीत चौकाजवळ खणत असताना कुदळ दगडाला लागली. निघाली कोयोल्शौकी, चंद्रदेवता, भावाने तुकडे करून डोंगरावरून फेकलेली. सव्वातीन मीटरची गोल शिळा आणि तिच्यावर हात, पाय, धड सुटे सुटे कोरलेले. ती पडली होती बरोबर मुख्य देवळाच्या पायऱ्यांच्या तळाशी, म्हणजे वरून ढकललेला बळी येऊन पडायचा तो तिच्यावरच. (काका, घ्या.) मग आजूबाजूच्या इमारती पाडून सगळं देऊळ उकरलं. एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा हे त्या उत्खननाचे प्रमुख. देवळावर देऊळ असे सात टप्पे निघाले. माथ्यावर दोन गाभारे, एक युद्धाच्या देवाचा आणि शेजारी त्लालोकचा, पाऊस देणाऱ्याचा.

गवतीचहा

बापरे. मेट्रोत पण काहीतरी आहे ना?

शेवगा

हो, पिनो सुआरेस स्टेशन. १९६७ मध्ये मेट्रोचं काम करताना वाऱ्याच्या देवाचं छोटं गोल देऊळ निघालं. ते तिथेच ठेवलं आणि गाडी बदलायचा रस्ता त्याच्या कडेने नेला.

वऱ्हाडी_ठेचा

धाग्यात तेस्कोको हे नाव आलंच आहे तर आमच्या वर्ध्याच्या माणसाचं नाव आल्याशिवाय राहायला नको. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

१८८४ चा जन्म. तरुणपणी क्रांतीच्या ध्यासाने देश सोडला. अमेरिकेत शेतकीचं शिक्षण आणि गदर या क्रांतिकारी संघटनेचं काम सोबतच. पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. नंतर कुठेच थारा नाही, मायदेशी पाऊल टाकलं तर अटक. शेवटी १९२४ मध्ये मेक्सिकोत गेले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. हे चापिंगो तेस्कोको गावालगतच आहे, म्हणजे मुसाफिरने लिहिलेल्या त्याच तळ्याच्या पूर्व काठावर.

तिथे त्यांनी मक्यावर आणि गव्हावर काम केलं, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी 'मुक्त कृषी शाळा' काढल्या. ज्या देशात मका पहिल्यांदा माणसाळला, तिथल्या शेतकऱ्याला मक्याचं वाण सुधारून देणारा वर्ध्याचा माणूस! दिएगो रिवेरा त्यांचा दोस्त होता. शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर रिवेराने जी चित्रं काढली त्यातल्या 'आमची भाकर' या अर्थाच्या चित्रात खानखोजे आहेत. तीना मोदोत्तीने त्यांच्या मक्याच्या कणसांचे फोटो काढले. स्वातंत्र्यानंतर ते परतले, नागपुरात राहिले, १९६७ मध्ये गेले. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा बसला. नागपुरात दहा जणांना विचाराल तर नऊ म्हणतील, कोण खानखोजे? चीड येते राजेहो.

ओळंबा

जबरदस्त. आणि त्याच तेस्कोकोत एल बातान या गावी मका आणि गहू यांचं आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, हरितक्रांतीवाले गहू-शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांचं. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून अठरा हजार टन गव्हाचं बियाणं आणलं, लेर्मा रोहो आणि सोनोरा ६४. बुटकं वाण, खत घातलं तरी लोळत नव्हतं. फक्त दाणा लालसर, आपल्या लोकांना पोळी आवडेना. मग इथल्या शास्त्रज्ञांनी निवड करून पिवळसर दाण्याची कल्याणसोना आणि सोनालिका काढली.

रानजाई

खानखोज्यांचं काहीच माहीत नव्हतं. वऱ्हाडी, यावर वेगळा लेख लिहाच.

एक बाळबोध प्रश्न. मी मक्याची भाकरी करते तेव्हा थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. यांच्या टॉर्टिया एवढ्या मऊ, गुंडाळल्या तरी तुटत नाहीत. कसं काय? मैदा घालतात का?

मुसाफिर_नगरकर

बाळबोध नाही, नेमका प्रश्न आहे. मैदा नाही, चुना! आपला खायचा चुना.

आमच्या गल्लीत एक सेन्योरा टॉर्टिया विकते, तिच्याकडे बघितलंय. मक्याचे कोरडे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळायचे, विस्तव बंद करून रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी दाणे पिवळेधमक होतात आणि साल बोटाने चोळली की चिकट होऊन सुटते. मग तीन-चार पाण्यांनी धुवायचे आणि ओलेच वाटायचे. पूर्वी पाटा-वरवंट्यासारख्या दगडावर, आता गिरणीत. चुन्याने दाण्याची घडणच बदलते आणि पीठ एकमेकांना धरून राहतं. आपण कोरडा मका दळतो, त्याला धरणारं काही नसतं.

दुसरा फायदा मोठा. मक्यातलं एक जीवनसत्त्व, नायसिन, शरीराला सहज मिळत नाही, चुन्याने ते मोकळं होतं. युरोपात मका गेला पण चुना गेला नाही. इटली आणि स्पेनमध्ये नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला, कातडी सोलवटायची, वेड लागायचं. इथे हजारो वर्षं मका खाणाऱ्यांना तो होत नव्हता.

गवतीचहा

आजच चुना आणते. सासूबाईंच्या डब्यातून ढापते खरं तर.

ओळंबा

भूकंपाचं राहिलं. १९ सप्टेंबर १९८५, सकाळी ७:१७, आठ रिश्टर. केंद्र प्रशांत किनाऱ्याजवळ, साडेतीनशेहून जास्त किलोमीटर लांब. मधल्या गावांपेक्षा राजधानीत जास्त माणसं मेली, कारण तीच, तळ्याची माती. भूकंपाच्या लाटा तिच्यात शिरल्या की वाढतात आणि साधारण दोन सेकंदांच्या झोक्याने हलत राहतात. सहा ते पंधरा मजली इमारतींचा स्वतःचा झोकाही तेवढाच, त्यामुळे नेमक्या त्याच कोसळल्या. बुटकी घरं आणि ४४ मजली तोर्रे लातिनोआमेरिकाना उभे राहिले. तोर्रे १९५६ चा. त्याचे खांब चिखलातून खाली कठीण थरापर्यंत नेले आहेत.

मुसाफिर_नगरकर

तारीख लक्षात ठेवा. ८५ च्या स्मरणार्थ दर १९ सप्टेंबरला देशभर सराव होतो. २०१७ मध्ये सकाळी अकराला सराव झाला, लोक खाली उतरले, परत कामाला गेले, आणि दुपारी सव्वाच्या सुमारास खरा आला. ७.१. २०२२ मध्ये पुन्हा १९ सप्टेंबर, सराव संपून तास व्हायच्या आत. आता इथले शिकलेसवरलेले लोकही सप्टेंबर म्हटलं की खिशात बॅटरी ठेवतात. विज्ञान म्हणतं योगायोग. मी पण म्हणतो, पण त्या दिवशी मी लिफ्टने जात नाही.

किनाऱ्यावर यंत्रं लावली आहेत, तिथे हादरा बसला की शहरात भोंगे वाजतात. अंतर आहे म्हणून कधी मिनिटभर वेळ मिळतो. तो भोंगा एकदा ऐकला की विसरत नाही. रस्त्यावरचा टॅकोवाला आधी गॅस बंद करतो, मग पळतो.

शेवगा

तळं पूर्ण गेलेलं नाही बरं का. दक्षिणेला सोचिमिल्को शिल्लक आहे. रंगीत होड्या, बिअर, गाणी बजावणी, ते सगळं शनिवार-रविवारचं. एखाद्या मधल्या वारी पहाटे जा आणि शेताकडे न्यायला सांगा. चिनाम्पा म्हणजे उथळ पाण्यात खुंट ठोकून, आत गवत आणि गाळ भरून केलेली लांबट वाफ्यांसारखी बेटं. कडेने विलोची झाडं लावतात, मुळांनी काठ धरून ठेवायला. रोपं करायची तऱ्हा बघण्यासारखी. कालव्याच्या तळाचा गाळ काढून ओला पसरतात, जरा घट्ट झाला की सुरीने बर्फीसारख्या वड्या पाडतात, प्रत्येक वडीत बोटाने खळगा, खळग्यात एक बी. रोप वडीसकट उचलून लावायचं, मुळं दुखावत नाहीत.

ॲक्सोलोत्ल तिथलाच. मोठा झाला तरी गळ्याबाहेरचे कल्ले न टाकणारा, तुटलेला पाय परत उगवणारा जीव. पन्नास पेसोच्या नोटेवर आहे. पाण्यात मात्र शोधून सापडत नाही, घाण पाणी आणि बाहेरून आणून सोडलेले तिलापिया मासे यांनी संपवत आणलाय. नोटेवर त्याचा रुबाब बघून लोक नोट खर्च करत नाहीत म्हणे, जपून ठेवतात. जिवंत जपला असता तर बरं.

रानजाई

ऑक्टोबरमध्ये तिथे झेंडू असतो ना खूप?

शेवगा

अगं, शेतंच्या शेतं. २ नोव्हेंबरला पितरांसाठी मांडणी करतात, त्यासाठी. आणि झेंडू मूळचा तिथलाच. आपल्या दसऱ्याच्या तोरणात नंतर आला.

पेठकर काका

आम्ही दोघं मार्चमध्ये मुलीकडे टेक्ससला जातोय, तिथून चार दिवस मेक्सिको सिटी करावं असा विचार होतोय. शाकाहारी आहोत. जमेल का? काय बघावं?

मुसाफिर_नगरकर

जमेल काका. सोमवार टाळा, संग्रहालयं बंद असतात. पहिला दिवस हळू घ्या, उंचीमुळे दम लागतो. त्या दिवशी चौक, कॅथेड्रल, उकरलेलं देऊळ, सगळं चालत होतं. दुसरा दिवस अख्खा मानववंशशास्त्र संग्रहालयाला. तेओतिवाकानला सकाळी लवकर निघा, डोक्यावर टोपी घ्या, सावली नावाला नाही. ते ॲझ्टेकांचं नव्हे, त्यांच्या कित्येक शतकं आधी ओस पडलेलं शहर आहे. गाईड थापा मारतात.

खाण्याचं म्हणाल तर निवडुंगाची भाजी, भोपळ्याच्या फुलांची केसादिया (सारण भरून दुमडलेली टॉर्टिया), घेवडा, भात, आंबे मिळतील. घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, म्हणून 'सिन मान्तेका' (चरबीशिवाय) हे दोन शब्द पाठ करा. आणि राजधानीत केसादिया मागितली की त्यात चीज असेलच असं नाही, वेगळं सांगावं लागतं. यावर बाकीचा देश राजधानीवाल्यांना हसतो. नळाचं पाणी पिऊ नका.

पेठकर काका

लिहून घेतलं. कवट्यांचा बुरूज बघता येतो का?

शेवगा

नाही काका, तो लोकांसाठी उघडा नाही. पण देवळाच्या संग्रहालयात कवट्या भरपूर आहेत, निराशा व्हायची नाही.